थिबा राजाच्या चार मुली: रत्नागिरीत तुटलेले घराणे आणि त्याच्या तीन भाषा

रत्नागिरीला गेलेला पाहुणा थिबा पॅलेस पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. टेकडीवरचा तो तीन मजली वाडा, उतरती छपरे, मागच्या बाजूने दिसणारी भाट्याची खाडी. हे सगळे पाहिले की मनात एक चित्र तयार होते: ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पकडून आणले आणि या वाड्यात ठेवले. चित्र चुकीचे नाही, पण अर्धेच आहे.

राजा रत्नागिरीत आला तो एप्रिल १८८६ मध्ये. वाड्यात राहायला गेला १९१० च्या अखेरीस. आणि वारला डिसेंबर १९१६ मध्ये. म्हणजे तीस वर्षांच्या मुक्कामातली चोवीस वर्षे सरकारने दिलेल्या बंगल्यांत गेली आणि राजवाडा म्हणता येईल असे घर मिळाले ते जेमतेम सहा वर्षे. वाडा बांधून झाला तेव्हा थोरली राजकन्या तिशीला पोहोचली होती, धाकटी तेवीस वर्षांची होती. चौघींपैकी एकीचेही लग्न झालेले नव्हते. थोरलीला मात्र चार वर्षांची एक मुलगी होती आणि त्या मुलीचा बाप होता रत्नागिरीचा एक सावंत.

थिबाची गोष्ट सांगताना लोक हिरे-माणके, सिंहासन, कट-कारस्थाने यांत रमतात. ते सगळे आहेच. पण या घराण्याचे पुढे काय झाले हे समजून घ्यायचे असेल तर बघावे लागते ते या चार मुलींकडे.

दोन आठवड्यांत गेलेले राज्य

ब्रह्मदेश इंग्रजांनी एकदम घेतला नाही, तीन घासांत घेतला. १८२४ ते १८२६ च्या पहिल्या युद्धात आराकान आणि तेनासेरीमचा किनारा गेला, १८५२ च्या दुसऱ्या युद्धात रंगूनसह सगळा खालचा भाग. वरचा, समुद्रापासून तुटलेला प्रदेश तेवढा राजाकडे उरला. तिथे मिंडॉन राजाने १८५७ मध्ये मंडाले हे नवे शहर वसवले. मिंडॉन शहाणा राजा होता, इंग्रजांशी जपून वागला. त्याला राण्या अनेक आणि मुले तर डझनांनी.

थिबा हा त्यातला एक मुलगा, जन्म १ जानेवारी १८५९. गादीच्या वारसांत त्याचे नाव वर नव्हते. मठात शिकलेला, पाली धर्मग्रंथांची परीक्षा पास झालेला, काही काळ मंडालेतल्या मिशनऱ्यांच्या शाळेतही गेलेला शांत पोरगा. १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये मिंडॉन वारला तेव्हा एका वजनदार राणीने आणि दरबारातल्या काही मंत्र्यांनी त्यालाच पुढे केले. हा आपल्या मुठीत राहील असा हिशेब. त्या राणीच्या मुली थिबाला दिल्या. नात्याने त्या त्याच्या सावत्र बहिणीच, पण ब्रह्मी राजघराण्यात असे विवाह रीतीला धरून होते. तीन बहिणी होत्या: सुपयाजी, सुपयालत आणि सुपयागले. ब्रह्मी भाषेत जी म्हणजे मोठी, लत म्हणजे मधली आणि गले म्हणजे धाकटी, इतका साधा अर्थ. यातली मधली, सुपयालत, ही खरी पट्टराणी ठरली आणि नवऱ्यावरही तिचाच अंमल चालला.

फेब्रुवारी १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात गादीवर हक्क सांगू शकतील अशा भावंडांची आणि नातेवाइकांची कत्तल झाली. मारले गेलेल्यांची संख्या ऐंशीच्या आसपास सांगितली जाते. आदेश नेमका कोणाचा, राजाला किती माहीत होते, यावर वाद आहेत. बहुतेकांचे बोट सासूकडे आणि सुपयालतकडे जाते. इंग्रजी वर्तमानपत्रांना मात्र हवा तो राक्षस मिळाला. ही कत्तल पुढे वेगळ्याच प्रकारे या घरावर उलटली, त्याकडे येऊच.

युद्धाला निमित्त झाली एक मुंबईची कंपनी. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन वरच्या ब्रह्मदेशात सागवान तोडत होती. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले आणि पैसे कमी भरले, असे म्हणत राजाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्याच सुमारास मंडालेचे फ्रेंचांशी सूत जुळत होते, आणि इंग्रजांना खरी धास्ती होती ती त्याची. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनने निर्वाणीचा खलिता पाठवला, उत्तर पटले नाही, आणि नोव्हेंबरच्या मध्याला जनरल प्रेंडरगास्टची फौज बोटींतून इरावती नदीने वर निघाली. दोन आठवड्यांत सगळे आटोपले. २८ नोव्हेंबरला शरणागती झाली. दुसऱ्या दिवशी राजा-राणीला बैलगाड्यांत बसवून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रयत बघत असताना, नदीवर नेले. तिथे उभ्या असलेल्या आगबोटीचे नाव थूरिया, म्हणजे आपला सूर्यच.

राजा तेव्हा २६ वर्षांचा होता. सोबत दोन लहान मुली होत्या, आणि सुपयालत पोटुशी होती. १ जानेवारी १८८६ ला वरचा ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील केल्याची घोषणा झाली. तो नेमका राजाचा २७ वा वाढदिवस.

रत्नागिरीच का?

आधी त्यांना मद्रासला नेले. तिसरी मुलगी तिथेच झाली, मार्च १८८६ मध्ये. पदच्युत राजांना ठेवायला मद्रास सरकारच्या सवयीचे होते. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये गादीवरून उतरवून मद्रासलाच पाठवले होते आणि १८८२ मध्ये ते तिथेच वारले. राजाला मारायचे नाही, तुरुंगातही घालायचे नाही. त्याला त्याच्या भाषेपासून, माणसांपासून तोडून लांब नेऊन बसवायचे, पेन्शन द्यायची आणि काळाला त्याचे काम करू द्यायचे. कंपनी सरकारची ही रीत मराठ्यांना आधीपासून पाठ होती. दुसरा बाजीराव १८१८ नंतर बिठूरला गेला, साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये काशीला. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ मध्ये रंगूनला धाडले, तो १८६२ मध्ये तिथेच गेला. थिबाला उलट्या दिशेने आणले, एवढाच फरक.

मद्रास मात्र ब्रह्मदेशाला फार जवळ. रंगूनच्या बोटी तिथे सतत ये-जा करत. त्यामानाने रत्नागिरी म्हणजे जगाच्या टोकाला. रेल्वे नाही, कोकण रेल्वे पुरी व्हायला पुढे आणखी शंभरावर वर्षे जायची होती. येण्याजाण्याचा खरा मार्ग समुद्राचा, आणि पावसाळ्यात तोही बंद. कोणी ब्रह्मी माणूस लपून आला तरी गर्दीत मिसळणार कुठे? सरकारला ही जागा पुढेही आवडली. सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत स्थानबद्ध केले तेही याच जिल्ह्यात.

याचीच दुसरी बाजू अशी की रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. हा तुरुंग थिबाच्या जुन्या राजवाड्याच्या कोटाच्या आत होता, आणि ‘गीतारहस्य’ लिहिले गेले ते तिथेच. म्हणजे ती सहा वर्षे मंडालेचा माणूस रत्नागिरीत अडकलेला आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. योगायोग नव्हे तो. सरकारच्या नकाशावर दोन्ही गावे एकाच कामाची होती.

बंगल्यातला संसार

रत्नागिरीत चौथी मुलगी झाली, एप्रिल १८८७ मध्ये. मुलींची नावेही त्याच जी-लत-गलेच्या चालीवर: थोरली म्यात फयाजी, दुसरी म्यात फयालत, तिसरी नुसतीच म्यात फया आणि धाकटी म्यात फयागले.

घरात राजा, पट्टराणी, तिची धाकटी बहीण म्हणजे दुसरी राणी सुपयागले, चार मुली आणि ब्रह्मदेशातून आलेले नोकर. बाहेर पोलिसांचा पहारा आणि देखरेखीला एक सरकारी अधिकारी. राजाला रत्नागिरीची हद्द सोडता येत नव्हती. नेमून दिलेला भत्ता पुरत नसे, कारण सवयी राजाच्या आणि हिशेब ठेवण्याची सवय कधीच नव्हती. सोबत आणलेली रत्ने एक एक करून विकली जात राहिली. थिबा सरकारला अर्ज लिहीत राहिला: भत्ता वाढवा, जडजवाहीर परत द्या, माझ्याशी नीट वागा. नगामाउक नावाचे मोठे माणिक मंडाले सोडताना कर्नल स्लेडनने आपल्याकडून घेतले, असे राजाचे आणि पुढे त्याच्या वंशजांचे म्हणणे. ते माणिक आजवर कुठेच सापडलेले नाही.

राजा टेकडीवरून दुर्बीण लावून बंदरात येणारी जहाजे बघत बसायचा, असे रत्नागिरीत सांगतात. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीनंतर हे चित्र जगभर पोहोचले. मात्र कादंबरी आणि इतिहास यांची सरमिसळ आता इतकी झाली आहे की वाडा दाखवायला नेणारे लोकही कादंबरीतली पात्रे खरी म्हणून सांगतात. कादंबरीतला सावंत आणि इतिहासातला सावंत एक नव्हेत, एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

मुलींचे काय चालले होते? शाळा नाही, बरोबरीच्या मैत्रिणी नाहीत. राजकन्येशी बोलायचे तर ब्रह्मी नोकरांना जमिनीलगत वाकावे लागे, तो दरबारी रिवाज सुपयालतने रत्नागिरीतही सोडला नाही. पण मोलकरणी, माळी, गाडीवान, पहारेकरी हे सगळे कोकणातले. त्यांच्यात राहून चौघी मराठी बोलायला शिकल्या. आईबाप मंडालेच्या आठवणीत आणि मुली घराच्या मागच्या दारी मराठीत. राज्य गेलेल्या घरात पुढची पिढी कुठल्या भाषेची होणार हे कोणी ठरवत नाही. सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

स्थळे आणायची कुठून?

मुली मोठ्या झाल्या तसा लग्नाचा प्रश्न आला, आणि इथे राजा, सरकार आणि रीतिरिवाज तिघेही अडकले. कोनबाँग राजघराण्याच्या मुली राजघराण्यातच द्यायच्या, शक्यतो सावत्र भावाला किंवा जवळच्या राजपुत्राला. पण राजपुत्र उरले होते कुठे? १८७९ मध्ये जे मारले गेले ते याच मुलींचे चुलते, आणि ज्यांच्या मुलांत स्थळे शोधायची ती घरेच कापून काढलेली. उरलेले देशोधडीला लागले, काही सरकारच्या नजरकैदेत. सरकारलाही या मुलींचे लग्न कोणा तडफदार राजपुत्राशी होणे परवडणारे नव्हते. उद्या एखादा मुलगा झाला तर त्याच्या नावाने बंड उभे राहील ही भीती. सरकारी पातळीवर पत्रव्यवहार झाले, नावे आली, राजाला एकही पसंत पडले नाही. कोणी खालच्या कुळातले, कोणी आपल्याच जुन्या नोकराचे नातेवाईक. यात राजाचा ताठा होता हे खरेच. पण ज्याच्याकडे राजेपणाचा तेवढाच भाग शिल्लक आहे तो माणूस तो भाग सहजासहजी सोडत नाही.

वर्षे गेली. १९०६ मध्ये थोरली राजकन्या फयाजीला मुलगी झाली. बाप गोपाळ सावंत, राजाच्या घरी दरवान म्हणून असलेला स्थानिक माणूस, आधीच लग्न झालेला. मुलीचे नाव टुटू.

राजाच्या घरात काय गजहब झाला असेल याची कल्पना करता येते. अडचण सरकारचीही झाली. थिबाला एवढ्या बंदोबस्तात ठेवण्याचा हेतू राजकारण रोखणे हा होता, आणि पहाऱ्यावरच्या माणसाकडूनच हे घडले. पुढच्या काळात या प्रकरणाला रत्नागिरीत आणि बाहेरही चवीने सांगण्याची कथा केले गेले. पंचवीस वर्षांची एक बाई, जिला पाच वर्षांची असल्यापासून कुंपणाबाहेरचे जग ठाऊक नाही, तिने समोर असलेल्या माणसांपैकी एकावर जीव लावला, याहून यात फार गूढ काही नाही.

नव्या वाड्याचे काम याच वर्षी, १९०६ मध्ये, सुरू झाले. वाडा कसा असावा यात राजाने स्वतः लक्ष घातले. वाडा झाला, पण दुसरी राणी सुपयागले १९१२ मध्ये वारली, आणि १९१६ च्या अखेरीस दुसऱ्या राजकन्येने घर सोडले.

फयालतला खिन माउंग लत या तरुणाशी लग्न करायचे होते. तो ब्रह्मीच, राजाच्या पदरी असलेला. परका नव्हता, परधर्मी नव्हता. पण राजपुत्र नव्हता. राजा नाही म्हणाला. तेहतिशीच्या आसपासची राजकन्या वाड्यातून निघून गेली. तिला परत आणायला राजाने गाडी पाठवली आणि गाडी रिकामी परतली, असे सांगितले जाते. राजाची तब्येत त्याच दिवसांत ढासळली आणि डिसेंबरात तो गेला. वय सत्तावन्न. फयालतने १९१७ मध्ये लग्न केले. आईने तिला पुन्हा जवळ केले नाही.

दोन शवपेट्या

राजा मेला तरी सरकारचा प्रश्न मिटला नाही. सुपयालतला नवऱ्याचा आणि बहिणीचा देह मायदेशी न्यायचा होता. सरकारला तेच नको होते. मंडालेत राजाची समाधी झाली असती तर ती यात्रेची जागा झाली असती, आणि यात्रेतून काय निघेल सांगता येत नाही. दोन्ही शवपेट्या वाड्याच्या आवारात ठेवलेल्या. राणी त्या सोडेना, सरकार त्या जाऊ देईना. हे दोन वर्षांहून जास्त काळ चालले. शेवटी मार्च १९१९ मध्ये राणीच्या इच्छेविरुद्ध दोघांना रत्नागिरीतच, सरकारने बांधलेल्या समाधीत ठेवले गेले. त्यानंतर महिन्याभरात कुटुंबाला ब्रह्मदेशी परतायची परवानगी मिळाली. देह इथे अडकवून मगच माणसे सोडली, असा त्या क्रमाचा अर्थ लागतो.

परतले तेही रंगूनपर्यंतच. सुपयालतला मंडाले पुन्हा दिसले नाही. ती नोव्हेंबर १९२५ मध्ये रंगूनला वारली. तिलाही मंडालेला नेऊ दिले नाही. श्वेडगॉन पॅगोडाजवळ तिची समाधी आहे.

चौघी, चार वाटा

फयाजी आई-बहिणींबरोबर १९१९ मध्ये रंगूनला गेली खरी, टुटूला घेऊन. पण तिथे ती टिकली नाही. थोड्याच काळात मायलेकी रत्नागिरीला परत आल्या. ज्या गावात बापाला कोंडून ठेवले होते, त्या गावात ती आपण होऊन परतली. तिला सरकारकडून भत्ता मिळे, तरी पुढची वर्षे ओढाताणीची गेली आणि जून १९४७ मध्ये, ब्रिटिश राज्य संपायला दोन महिने उरले असताना, ती गरिबीत वारली. ब्रह्मदेश त्यानंतर सहा-सात महिन्यांत, ४ जानेवारी १९४८ ला स्वतंत्र झाला.

टुटू रत्नागिरीतच वाढली, इथल्याच माणसाशी तिचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. ती मराठी बोलायची, मराठी बायकांसारखी राहायची. संसाराला हातभार म्हणून गोवऱ्या थापून विकल्या, कागदी फुले केली. मंडालेच्या शेवटच्या राजाची ही थोरली नात २००० साली रत्नागिरीत वारली. तिच्या पुढच्या पिढ्यांची घरे कोकणात आहेत, आडनाव मराठी आहे. बातमीदार दर काही वर्षांनी त्यांच्याकडे जातात, राजवंशज कसे दारिद्र्यात आहेत असे लिहून येतात. त्यांना मिळाले काय, तर बातम्यांत नाव. ना भारत सरकारच्या कुठल्या कागदावर त्यांचा हक्क लिहिलेला, ना म्यानमारच्या.

फयालत आणि तिचा नवरा दार्जिलिंगजवळच्या कालिम्पाँगला जाऊन राहिले. त्यांना मूल नव्हते. त्यांनी तिथल्या एका मुलाला वाढवले. ती १९५६ मध्ये कालिम्पाँगलाच वारली.

तिसरी, मद्रासला जन्मलेली म्यात फया, ब्रह्मदेशात राहिली. तिचे पहिले लग्न राजघराण्यातल्या माणसाशी झाले, एक मुलगी झाली, मग काडीमोड झाला आणि तिने दुसरे लग्न केले. १९६२ मध्ये ती गेली.

चौघींत सरकारला डोईजड झाली ती धाकटी, रत्नागिरीत जन्मलेली फयागले. तिने मंडाले कधी पाहिलेच नव्हते, आणि तरी बापाच्या हक्कांसाठी भांडली तीच. तिला इंग्रजी चांगले येई. राजघराण्याची मालमत्ता आणि रत्ने परत करा, अशी मागणी तिने सरकारकडे लेखी लावून धरली. परिणाम असा झाला की १९३० नंतरच्या वर्षांत तिला नवऱ्या-मुलांसह रंगूनहून मौलमेनला हलवण्यात आले. हद्दपार राजाच्या मुलीला तिच्याच देशात पुन्हा हद्दपार केले. ती मार्च १९३६ मध्ये तिथे वारली. आज म्यानमारमध्ये थिबाचे वंशज म्हणून जे ओळखले जातात ते मुख्यतः तिचे. तिचा थोरला मुलगा स्वातंत्र्यानंतरच्या धामधुमीत १९४८ मध्ये बंडखोरांकडून मारला गेला. दुसरा मुलगा ताव फया याने आपल्या मावशीच्या, म्हणजे म्यात फयाच्या, मुलीशी लग्न केले. घराण्यातल्या घराण्यात लग्न करण्याची जुनी चाल तेवढी तिथे टिकली. ताव फया २०१९ मध्ये वारला. लष्करी राजवटीच्या काळात या कुटुंबाने राजेपणाचा फार उच्चार केला नाही. तसा करणे शहाणपणाचे नव्हतेच.

एकाच आजोबांची नातवंडे-पतवंडे अशी तीन भाषांत वाटली गेली: रत्नागिरीची मराठीत, म्यानमारची ब्रह्मीत, आणि कालिम्पाँगच्या घरातले नेपाळीच्या शेजारात. ती एकत्र आली की मध्ये दुभाषी लागतो. समोरासमोर बसलेल्या मावसभावंडांच्या मुलांना एकमेकांचे शब्द कळत नाहीत.

समाधीवर येणारे

मंडालेचा लाकडी राजवाडा मार्च १९४५ मध्ये दोस्तांच्या बाँबहल्ल्यात जळून गेला. आज तिथे उभा आहे तो नंतर बांधलेला. राजाचे सिंहासन वाचले ते केवळ इंग्रजांनी ते कलकत्त्याच्या म्युझियममध्ये नेऊन ठेवले होते म्हणून. ते १९४८ मध्ये परत दिले गेले. रत्नागिरीचा वाडा मात्र टिकला. कुटुंब गेल्यानंतर तो सरकारी कामांना वापरला गेला, त्यात तंत्रनिकेतनही चालले, आणि आता तिथे राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे.

समाधीची दखल फार उशिरा घेतली गेली. वस्तीच्या मध्ये असलेल्या त्या जागेकडे अनेक वर्षे कोणी फिरकत नव्हते. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन गेले. भारताचे पंतप्रधान यांगूनला गेले की बहादूरशहा जफरच्या कबरीवर फूल वाहतात, त्याचीच ही जोडबाजू. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा समाधीजवळ विधी झाले. फयागलेचा नातू सो विन आला होता, तो परराष्ट्र सेवेत काम केलेला. म्यानमारचे उपाध्यक्ष आणि लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग हेही होते. याच लष्करप्रमुखाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निवडून आलेले सरकार उलथून सत्ता हाती घेतली.

राजाचे अवशेष म्यानमारला न्यावेत का, ही चर्चा अधूनमधून निघते. नेले तर कुठे ठेवणार, कोणाच्या हाती देणार आणि त्याचा राजकीय फायदा कोण उठवणार, हे प्रश्न १९१६ मध्ये इंग्रजांना पडले होते तेच आजही आहेत. शिवाय विचारायचे कोणाला? म्यानमारच्या शाखेला, की ज्यांच्या आजीने रत्नागिरीला परतायचे ठरवले त्या कोकणातल्या शाखेला?

सध्या तरी थिबा रत्नागिरीत आहे. त्याच्याबरोबर तिथे ठेवली गेली ती धाकटी राणी सुपयागले. पट्टराणी सुपयालत यांगूनमध्ये, श्वेडगॉनजवळ एकटी आहे.